बिऱ्हाडाचा पत्ता



वसंतातील या व्याख्यानांत इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलणारे विद्वान आपण ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीत आम्ही आज जो विषय घेऊन उभे आहोत, तो प्रथमदर्शनी फारच किरकोळ वाटेल. संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामला, तो चालू असताना, आपण स्वतः कोणत्या फोल्डरात बसविले गेलो आहोत हे कसे कळावे, एवढाच तो प्रश्न आहे. त्यातही आम्ही जावा या भाषेत लिहिलेल्या, आणि चालण्यास लागणारा सर्व सरंजाम बरोबर घेऊन येणाऱ्या प्रोग्रामांपुरतेच बोलणार आहोत. विषय जितका लहान तितका तो नीट मांडता येतो, हा एक लाभ. आणि या लहान प्रश्नाच्या पोटी सामान्य माणसाचे पुष्कळ दिवसांचे श्रम वाचणे किंवा बुडणे अवलंबून असते, हे दुसरे कारण.

ते कसे, हे प्रथम एका कल्पित उदाहरणाने पाहू. तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे असे समजा. त्याची दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी आणि रोजची देवघेव आता संगणकावर असते. सकाळी ग्रंथपाल येतात, पडद्यावरील चित्रावर दोनदा टिचकी मारतात, आणि वही उघडते. चार हजार पुस्तकांची नोंद जेथल्या तेथे असते. संध्याकाळी मदतनीस येतो. दुसऱ्या वाचनालयाकडून पेनड्राइव्हवर पुस्तकांची एक यादी आलेली असते. तो त्या यादीच्याच फाइलवर टिचकी मारतो. प्रोग्राम तोच, संगणक तोच. पण वही कोरी! मदतनीस गोंधळतो, आणि नवी वही असेल अशा समजुतीने तिच्यात दिवसभराची देवघेव भरतो. काम संपल्यावर पेनड्राइव्ह काढून ज्याचा त्याला परत देतो. वाचनालयाची त्या दिवसाची वही दुसऱ्याच्या खिशातून निघून गेली, याची कोणालाही वार्ता नसते.

यात ग्रंथपालांचा दोष नाही, मदतनिसाचा नाही, आणि यंत्राचा तर मुळीच नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘वही उघड’ एवढेच लिहिले. कोठली वही, हे लिहिले नाही. यंत्राने आपल्या रीतीप्रमाणे ‘मी या क्षणी जेथे उभा आहे तेथली’ असा अर्थ घेतला. आणि सकाळी प्रोग्राम उभा होता आपल्या घरात, तर संध्याकाळी पेनड्राइव्हच्या दारात.

‘उभे असणे’ आणि ‘राहणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. माणूस पुण्याच्या स्टेशनावर उभा असला म्हणून तो स्टेशनावर राहतो असे आपण म्हणत नाही. संगणकात मात्र या दोन गोष्टींची गल्लत फार सहज होते. प्रोग्राम लिहिणारा आपल्या टेबलाशी बसून तो चालवून पाहतो तेव्हा दोन्ही जागा बहुधा एकच असतात. सत्य आणि योगायोग एकाच अंगरख्यात आले, म्हणजे त्यांना वेगळे ओळखणे कठीण. प्रोग्राम परगावी जातो तेव्हाच तो अंगरखा फाटतो.

आता जावा या भाषेतच हा प्रश्न एवढा बिकट का, हे समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ही भाषा जगापुढे आणली. तिचे मुख्य शिल्पकार जेम्स गॉसलिंग. ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ हे तिचे ब्रीद होते. त्यापूर्वीची रीत अशी, की प्रोग्राम ज्या जातीच्या यंत्रासाठी तयार केला त्याच जातीच्या यंत्रावर चालावयाचा. जावाने एका काल्पनिक यंत्राची भाषा ठरविली. प्रोग्राम त्या काल्पनिक यंत्रासाठी तयार करावयाचा, आणि प्रत्येक खऱ्या संगणकावर एक दुभाषा ठेवावयाचा. या दुभाष्यास जावाचे आभासी यंत्र म्हणतात. प्रोग्रामने दुभाष्याशी बोलावे. खालची जमीन मुरमाड आहे की काळी, याची चौकशी त्याने करू नये.

याचा अर्थ लक्षात घ्या. जी भाषा ‘कोठेही’ या शब्दावर उभी राहिली, तिला ‘कोठे’ या प्रश्नाचे महत्त्व वाटेनासे होणे स्वाभाविक होते. प्रारंभीच्या काळात तर जावाचे छोटे प्रोग्राम, ज्यांना अ‍ॅप्लेट म्हणत, तारेवरून ब्राउझरात उतरत, काम करीत आणि निघून जात. ते पाहुणे होते. पाहुण्याने माजघरात डोकावू नये असा बंदोबस्तही केलेला होता. ज्याला घरच नाही त्याने पत्ता विचारावा कशाला? सी भाषेतील प्रोग्रामला सुरू होताना जी माहिती हाती मिळते तिच्यात पहिली गोष्ट प्रोग्रामचे स्वतःचे नाव असते. जावाच्या प्रोग्रामला हातात मिळणाऱ्या यादीत तेही नसते. आणि ‘माझा प्रोग्राम कोठे बसविला आहे ते सांग’ असे सरळ सांगणारी एखादी आज्ञा जावाच्या अधिकृत ग्रंथसंग्रहात आजही नाही.

हा केवळ विसराळूपणा नव्हे. जावाचा प्रोग्राम म्हणजे एकच वस्तू नसते. तो अनेक गाठोड्यांचा बनलेला असतो, आणि या गाठोड्यांना जार असे नाव आहे. एक जार या फोल्डरातून, दुसरी त्या फोल्डरातून, असे त्या सर्वांना एकत्र करून दुभाषा त्यांचा प्रयोग लावतो. नाटकातील पात्रे निरनिराळ्या गावांहून येतात. मग नाटकाचा गाव कोणता म्हणावयाचा?

परंतु पुढे परिस्थिती पालटली. दुभाषा निराळा आणि प्रोग्राम निराळा या व्यवस्थेत एक अडचण होती. गिऱ्हाइकाच्या संगणकावर दुभाषा असेलच याची खात्री नसे. असला तरी तो योग्य आवृत्तीचा असेलच असे नसे. म्हणून दुभाषाही बरोबरच पाठवावा असा विचार बळावला. सन कंपनी २०१० साली ओरॅकलने आपल्यात सामावून घेतली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये जावाची ९वी आवृत्ती निघाली. तिच्यासोबत जेलिंक हे साधन आले आणि हव्या तेवढ्याच भागांचा आटोपशीर दुभाषा तयार करता येऊ लागला. पुढच्याच वर्षी, ११व्या आवृत्तीपासून, ओरॅकलने सामान्य वापरणाऱ्यांसाठी वेगळा दुभाषा देणे थांबविले. मार्च २०२० मधील १४व्या आवृत्तीत जेपॅकेज हे साधन प्रायोगिक म्हणून आले, आणि मार्च २०२१ मधील १६व्या आवृत्तीत ते रीतसर झाले. आता प्रोग्राम, त्याची गाठोडी, दुभाषा आणि त्या सर्वांना जागे करणारा एक छोटा सूत्रधार, असे सगळे मिळून एक पेटी तयार होते. गिऱ्हाइकाने पेटी उघडावी, प्रोग्राम वापरावा. जावा हा शब्दही त्याच्या कानी पडण्याचे कारण नाही.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. पण ज्याच्या पाठीवर बिऱ्हाड आहे, त्याला त्या बिऱ्हाडाचा पत्ता विचारला तर मात्र तो गोंधळतो, अशी ही गंमत आहे. कारण बिऱ्हाड नवे आहे, आणि वृत्ती जुन्या पाहुण्याची आहे.

हा पत्ता काढण्याचे मार्ग कोणते, ते आता क्रमाने पाहू.

पहिला मार्ग पुष्कळजण न कळत घेतात, तो म्हणजे ‘यूजर डॉट डिर’ या नावाची नोंद विचारणे. या नोंदीत प्रोग्राम सुरू झाला त्या क्षणी तो कोठे उभा होता एवढेच असते. विंडोजमध्ये शॉर्टकटच्या चित्रामागे ‘कोठून सुरू करावे’ असा एक रकाना असतो. तेथे जे लिहिले असेल ती ही जागा. फाइलवर टिचकी मारून प्रोग्राम उघडला तर सामान्यतः त्या फाइलीचे फोल्डर ही जागा. मॅकवर फाइंडरमधून उघडला तर सबंध डिस्कचे मूळ ही जागा. काळ्या खिडकीत आज्ञा लिहून उघडला तर आपण त्या वेळी ज्या फोल्डरात असू ती जागा. एकाच प्रोग्रामची चार उत्तरे, आणि चारही आपापल्या परीने खरी. पण त्यांतील एकही घराचा पत्ता नव्हे. आमच्या उदाहरणातील वाचनालयाची वही गेली ती याच वाटेने.

दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. प्रोग्रामने स्वतःला न विचारता, आपल्याच एखाद्या वर्गाला, ज्यास जावात क्लास म्हणतात, विचारावे की ‘बाबा रे, तुला कोणत्या गाठोड्यातून काढले?’ जावाच्या भाषेत गेटप्रोटेक्शनडोमेन, मग गेटकोडसोर्स, मग गेटलोकेशन, अशा तीन पायऱ्या उतरल्या की उत्तर मिळते. या तीन पायऱ्यांची नावे पत्त्याशी जुळत नाहीत. पहिलीत तर चक्क ‘संरक्षण’ हा शब्द आहे. याचे कारण मनोरंजक आहे. ही सोय पत्ता सांगण्यासाठी केलेलीच नव्हती. पाहुणा कोठून आला हे पाहून त्याच्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरविणारा एक पहारेकरी जावात होता. त्याने ठेवलेली ही आवक-नोंद आहे. त्या पहारेकऱ्यास २०२१ साली १७व्या आवृत्तीत निवृत्तीची नोटीस मिळाली, आणि मार्च २०२५ मधील २४व्या आवृत्तीत त्याचे काम कायमचे बंद झाले. पहारेकरी गेला, पण नोंदवही राहिली, आणि तिच्यावरून आपण आज घराचे पत्ते काढीत आहोत. संस्थांच्या इतिहासात असे नेहमीच घडते. एका हेतूने ठेवलेले दप्तर भलत्याच हेतूला उपयोगी पडते.

मात्र भलत्या हेतूने वापरलेल्या दप्तरात खाचखळगे असतात. पहिला खळगा लिपीचा आहे, आणि तो आपणां मराठी बोलणाऱ्यांच्या विशेष लक्षात राहावा असा आहे. या नोंदीत पत्ता असतो तो डिस्कवरील साध्या पत्त्याच्या रूपात नव्हे, तर इंटरनेटवरील पत्त्याच्या रूपात. तेथे मोकळी जागा चालत नाही. तिच्याबद्दल टक्क्याचे चिन्ह आणि २० हा आकडा येतो. विंडोजमध्ये प्रोग्राम बसविण्याचे जे नेहमीचे फोल्डर, ‘प्रोग्राम फाइल्स’, त्याच्या नावातच मोकळी जागा आहे. तेव्हा जो मनुष्य हा पत्ता जसाच्या तसा डिस्कचा म्हणून वापरील, त्याला दारातच ठेच लागते. आता फोल्डराचे नाव देवनागरीत असेल तर काय होते पाहा. ‘ग्रंथालय’ हा शब्द युनिकोडमध्ये लिहिण्यास ८ चिन्हे लागतात. प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे. म्हणजे एकूण २४ बाइट. आणि या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तीन अक्षरांनी लिहितात. म्हणजे आपल्या त्या लहानशा शब्दाची ७२ अक्षरांची माळ होते! ती माळ नीट उलगडली नाही, तर प्रोग्राम त्या अक्षरांच्या नावाचे फोल्डर शोधीत बसतो, आणि ते जगात कोठेच नसते. इंग्रजी नावाच्या फोल्डरात उत्तम चालणारा प्रोग्राम मराठी नावाच्या फोल्डरात बसविला की मुका का होतो, याचे एक कारण बहुधा येथे सापडते. वापरणारा बिचारा आपल्या लिपीला दोष देतो, आणि पुढल्या वेळी फोल्डराचे नाव मुकाट्याने रोमनमध्ये लिहितो. दोष लिपीचा नसून उलगडणाऱ्याचा आहे.

उलगडण्याचे कामही नेमक्या हत्याराने झाले पाहिजे. यूआरएलडिकोडर नावाचे एक साधन जवळच पडलेले असते, आणि नावावरून ते याच कामाचे वाटते. ते ब्राउझरातील छापील फॉर्म वाचण्यासाठी आहे. फॉर्मात अधिकचे चिन्ह म्हणजे मोकळी जागा असा संकेत असल्यामुळे ते साधन फोल्डराच्या नावातील अधिकचे चिन्ह खाऊन टाकते. ‘सी++’ नावाच्या फोल्डरात बसविलेला प्रोग्राम मग त्याला सापडत नाही. सरळ मार्ग असा, की मिळालेल्या पत्त्याचे टूयूआरआय या आज्ञेने रूपांतर करावे, आणि त्यावरून पाथ तयार करावा. त्यात टक्के, देवनागरी, विंडोजचे ड्राइव्हचे अक्षर, सर्व काही बिनबोभाट जागच्या जागी येते.

दुसरा खळगा कार्यशाळेचा. प्रोग्राम लिहिला जात असताना तो गाठोड्यात बांधलेला नसतो. सुटे वर्ग एका फोल्डरात पसरलेले असतात. तेव्हा या मार्गाने उत्तर येते ते त्या फोल्डराचे. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर उत्तर येते ते जार फाइलचे, म्हणजे घराचे नव्हे तर घरातील पेटीचे. एक पायरी वर चढल्याशिवाय घर येत नाही. ज्याने हा भेद पाहिला नाही त्याचा प्रोग्राम कार्यशाळेत चालतो आणि गिऱ्हाइकाकडे अडतो.

तिसरा खळगा सर्वांत नवा आहे. जेलिंकने प्रोग्रामचे भाग दुभाष्याच्याच अंगात विणून टाकले, तर त्यांचे स्वतंत्र गाठोडे उरतच नाही. अशा वेळी या नोंदीत ‘जेआरटी’ अशा शब्दाने सुरू होणारे उत्तर येते. त्याचा अर्थ ‘दुभाष्याच्या पोटात’ एवढाच. तो डिस्कवरील पत्ता नव्हे. शिवाय काही वर्गांच्या बाबतीत नोंद मुळी रिकामीच असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग म्हणजे दुभाष्यास विचारणे. ‘जावा डॉट होम’ या नोंदीत दुभाष्याचे घर लिहिलेले असते. बिऱ्हाड एकत्र असल्यामुळे दुभाष्याच्या घरावरून आपले घर काढता येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण जरा थांबा. जेपॅकेजने केलेल्या पेटीची रचना प्रत्येक प्रणालीत निराळी आहे. विंडोजमध्ये घराच्या अंगणातच सूत्रधार, आणि शेजारी ‘अ‍ॅप’ व ‘रनटाइम’ अशी दोन फोल्डरे. दुभाष्याच्या घरून एक पायरी वर गेले की आपले घर आले. लिनक्समध्ये घर सामान्यतः ‘ऑप्ट’ या फोल्डरात, सूत्रधार ‘बिन’मध्ये, आणि बाकी दोघे ‘लिब’च्या आत, म्हणजे दोन पायऱ्या. मॅकवर तर सबंध घर एका चित्रात बंद असते. आत ‘कंटेंट्स’, त्यात निरनिराळी दालने, आणि दुभाष्याचे घर आपल्या दालनात आणखी दोन उंबऱ्यांच्या आत. आणि कार्यशाळेत हाच प्रश्न विचारला, तर दुभाषा सांगतो ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संगणकावर वेगळ्या बसविलेल्या जावाचे घर, ज्याचा आपल्या बिऱ्हाडाशी संबंधच नाही. हा कळसा काखेत खरा, पण काखा तीन आहेत.

चौथा मार्ग आम्हांस सर्वांत सरळ वाटतो. जो आपल्याला जागे करतो त्यालाच पत्ता विचारावा. सूत्रधार हा खऱ्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला असतो. तो पाहुणा नव्हे, तो घरचा माणूस आहे. आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊक असते. जेपॅकेजचा सूत्रधार प्रोग्रामला उठवताना ‘जेपॅकेज डॉट अ‍ॅप-पाथ’ या नावाची एक चिठ्ठी त्याच्या हाती देतो, आणि तिच्यात सूत्रधाराचा स्वतःचा पूर्ण पत्ता असतो. याहूनही चांगली सोय अशी, की पेटी बांधतानाच आपण आपल्या मनाजोगती चिठ्ठी लिहून ठेवू शकतो. तिच्यात डॉलरचे चिन्ह लावून ‘अ‍ॅपडिर’ हा शब्द लिहिला, की सूत्रधार प्रत्येक वेळी त्या शब्दाच्या जागी प्रोग्रामच्या गाठोड्यांचे खरे फोल्डर भरून देतो. मग विंडोज असो, मॅक असो की लिनक्स असो, प्रोग्रामने फक्त चिठ्ठी वाचावी. पायऱ्या मोजणे नको, माळा उलगडणे नको. एकच सावधगिरी: लिनक्सवर किंवा मॅकवर पेटी बांधण्याची आज्ञा देताना हा शब्द एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. नाहीतर आज्ञा वाचणारा शेलच तो शब्द आपला समजून पुसून टाकतो, आणि चिठ्ठी कोरी जाते.

तेव्हा व्यवहारात कोणता क्रम ठेवावा? प्रथम चिठ्ठी पाहावी. चिठ्ठी नसेल, म्हणजे प्रोग्राम अजून कार्यशाळेत असेल, तर वर्गाच्या नोंदीवरून पत्ता काढावा, आणि तो डिस्कवरील आहे याची खात्री करून मगच वापरावा. दोन्ही मार्ग खुंटले तर? येथे पुष्कळांचा हात नकळत पहिल्या मार्गाकडे जातो. ‘सापडत नाही तर उभे आहोत तीच जागा धरू’ असे ते म्हणतात. आमचे आग्रहाचे सांगणे असे, की हे मुळीच करू नये. त्या ठिकाणी प्रोग्रामने थांबावे, आणि ‘मला माझी जागा सापडत नाही’ असे स्पष्ट मराठीत पडद्यावर लिहावे. अडलेला प्रोग्राम दहा मिनिटांचा खोळंबा करतो. भलत्या जागी घर समजून बसलेला प्रोग्राम महिनोन् महिने दोन वह्या लिहीत राहतो. अज्ञान उघडे असले तर त्यावर उपाय होतो. ज्ञानाचे सोंग घेतलेल्या अज्ञानावर उपाय नाही.

आता कोणी म्हणेल, ‘एवढे घर सापडले, आता वाचनालयाची वही त्या घरात ठेवू, म्हणजे ती हरवणार नाही.’ आणि येथेच आमच्या विषयाचा खरा गाभा आहे. घराचा पत्ता काढण्यापूर्वी तो कशासाठी हवा आहे, हा प्रश्न विचारला पाहिजे. प्रोग्रामला ज्या वस्तू लागतात त्यांचे तीन वर्ग होतात.

पहिला वर्ग प्रोग्रामच्या स्वतःच्या लहान वस्तूंचा: चित्रे, अक्षरांचे ठसे, पडद्यावरील वाक्ये. या गाठोड्यातच बांधाव्यात आणि गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीम या आज्ञेने तेथूनच वाचाव्यात. त्यांच्यासाठी पत्ता लागतच नाही. कित्येकजण पत्ता शोधीत हिंडतात ते केवळ अशा एखाद्या चित्रासाठी. त्यांच्या बाबतीत मात्र कळशाची म्हण पूर्ण खरी आहे.

दुसरा वर्ग प्रोग्रामबरोबर आलेल्या, पण गाठोड्यात न मावणाऱ्या वस्तूंचा: मोठे कोश, दुसऱ्या भाषेत लिहिलेली सहायक साधने, मदतीची पुस्तके. यांच्यासाठी घराचा पत्ता खरोखर हवा, आणि तो आम्ही सांगितलेल्या क्रमाने काढावा. परंतु या वस्तू केवळ वाचावयाच्या असतात.

तिसरा वर्ग वापरणाऱ्याच्या मालकीच्या वस्तूंचा: त्याची वही, त्याचे हिशेब, त्याच्या आवडीनिवडी. या प्रोग्रामच्या घरात ठेवू नयेत. विंडोजमध्ये ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहिण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. २००७ साली सर्वांसाठी निघालेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून तर असे झाले, की जुन्या ३२-बिट प्रोग्रामांनी तेथे लिहिण्याचा प्रयत्न केला म्हणजे विंडोज ते लिखाण गुपचूप वापरणाऱ्याच्या खासगी कोपऱ्यात वळवते. दोघांनी निरनिराळ्या नावांनी एकच संगणक वापरला, की दोघांच्या दोन वह्या! लिनक्सवर ‘ऑप्ट’ची मालकी मूळ व्यवस्थापकाची. मॅकवर त्या बंद चित्रात काही लिहिले, तर त्यावरील सहीचा मेळ बिघडतो. शिवाय २०१६ च्या सिएरा आवृत्तीपासून मॅकने अशी खबरदारी घेतली आहे, की नुकता उतरवून घेतलेला प्रोग्राम योग्य जागी हलविण्याआधीच उघडला, तर तो एका यादृच्छिक नावाच्या, केवळ वाचण्याजोग्या जागेतून चालविला जाऊ शकतो. अशा प्रोग्रामला कितीही बिनचूक पत्ता सापडला, तरी तो धर्मशाळेचा पत्ता असतो. आणि या सर्वांहून साधे कारण म्हणजे, प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की जुने घर पाडून नवे बांधतात. त्या घरात ठेवलेली वही वाचेलच याचा भरवसा कोणी द्यावा?

वापरणाऱ्याच्या वस्तूंसाठी प्रत्येक प्रणालीने स्वतंत्र जागा राखून ठेवली आहे. विंडोजमध्ये ‘अ‍ॅपडेटा’, मॅकवर वापरणाऱ्याच्या ‘लायब्ररी’तील ‘अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट’, लिनक्सवर त्याच्या घरातील ‘लोकल’ या लपलेल्या फोल्डरातील ‘शेअर’. वाचनालयाच्या वहीसारखी वस्तू तर ग्रंथपालांना विचारून, त्यांना दिसेल व तिची नक्कल काढून ठेवता येईल अशा फोल्डरात ठेवावी, आणि ते फोल्डर कोणते हे पडद्यावर नेहमी लिहिलेले असावे. वही कोठे आहे हे प्रोग्रामला कळावेच. पण ज्याची वही त्यालाही ते कळावे.

अशा रीतीने एका पत्त्याच्या प्रश्नातून तीन पत्ते निघाले: मी उभा कोठे, मी राहतो कोठे, आणि ज्याचे काम करतो त्याची ठेव कोठे. पहिला क्षणाचा, दुसरा प्रोग्रामचा, तिसरा माणसाचा. हे तिन्ही निरनिराळे आहेत एवढे ज्याने ध्यानात ठेवले, त्याला आज्ञांची नावे पाठ नसली तरी चालतील. ती केव्हाही पुस्तकात सापडतात. आणि ज्याने हे ध्यानात ठेवले नाही, त्याला सर्व आज्ञा मुखोद्गत असूनही एखाद्या गावच्या वाचनालयाची वही परक्याच्या खिशात जाण्याचे टळत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुण मंडळींपैकी पुष्कळजण आज येथे दिसत आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती आहे. आपला प्रोग्राम तयार झाला, की तो एकदा मराठी नावाच्या, मध्ये मोकळी जागा असलेल्या फोल्डरात बसवून पाहावा. परक्या फोल्डरातील फाइलवर टिचकी मारून उघडून पाहावा. आणि जुनी आवृत्ती काढून नवी घालून वही जागेवर आहे की नाही हे तपासावे. या परीक्षेस अर्धा तास पुरतो. जे प्रोग्राम वापरतात, लिहीत नाहीत, त्यांनीही एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: ‘माझी वही नक्की कोठे ठेवली आहे?’ हा प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्र शिकावे लागत नाही, आणि त्याचे सरळ उत्तर देता न येणाऱ्या प्रोग्रामवर आपले श्रम सोपविण्याचे कारणही नाही.